एका शनिवारची सेवा पुरेशी नाही

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या सोरॉरिटींकडे, म्हणजे कॉलेजात सुरू होणाऱ्या भगिनी-संघटनांकडे, एक ताकद आहे, जी भरपूर निधी असलेल्या संस्थांनाही सहज मिळत नाही. त्यांची सदस्य आयुष्यभराची असते. कॉलेज संपलं की बाकीच्या विद्यार्थी संघटना बहुतेकींच्या आयुष्यातून गळून पडतात. इथे मात्र पदवी घेतलेली मुलगी आपल्या गावातल्या माजी विद्यार्थिनींच्या चॅप्टरमध्ये, म्हणजे स्थानिक शाखेत, जाते आणि नोकरी, संसार, मुलं, निवृत्ती या सगळ्यातून जात सत्तरीतही महिन्याच्या बैठकीला हजर राहते. कितीतरी जणी कॉलेजात असताना सदस्य नसतातच, त्या पदवीनंतर थेट चॅप्टरमधून प्रवेश घेतात. शिक्षिका, परिचारिका, वकील, हिशेबनीस, शाळेच्या मुख्याध्यापिका, नगरपालिकेतल्या अधिकारी अशा पंचवीस ते ऐंशी वयाच्या बायका एका छताखाली, एकमेकींना बहीण मानून बसलेल्या असतात. एवढी माणसं हाताशी असताना चॅप्टरचं वर्ष जर एकेका शनिवारच्या कार्यक्रमांत संपत असेल, तर ती ताकद वाया जाते आहे. चॅप्टरने कामं कमी करावीत आणि धरलेली कामं त्याच शाळेत, त्याच मुलींबरोबर, त्याच वस्तीत निदान पाच वर्षं सोडू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे सोरॉरिटी हा शब्द बऱ्याच जणांच्या कानावर पहिल्यांदा आला तो २०२० च्या निवडणुकीत, कमला हॅरिस यांच्यामुळे. त्या अल्फा कॅपा अल्फाच्या सदस्य. ही संघटना १९०८ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात सुरू झाली. तिथेच १३ जानेवारी १९१३ ला बावीस विद्यार्थिनींनी डेल्टा सिग्मा थीटा स्थापन केली आणि दोन महिने व्हायच्या आत, ३ मार्चला, त्या स्त्री-मताधिकाराच्या मोर्च्यात वॉशिंग्टनच्या रस्त्यावर उतरल्या. १९२० मध्ये झीटा फाय बीटा आली, १९२२ मध्ये इंडियानापोलिसला सिग्मा गॅमा रो. गोऱ्यांच्या बऱ्याचशा सोरॉरिटींमध्ये पदवीनंतरचं सदस्यत्व स्नेहसंमेलनापुरतं उरतं. या चार संघटनांमध्ये मात्र खरं काम पदवीनंतर सुरू होतं, कारण जिथे सरकारी दवाखाना, वाचनालय किंवा बँक कृष्णवर्णीयांना दारात उभी करत नव्हती, तिथे ही कामं करायला दुसरं कोणी नव्हतं.

आजच्या चॅप्टरचं वर्ष साधारण असं जातं. ऑगस्टमध्ये शाळेच्या दप्तरांचं वाटप, ऑक्टोबरमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या जागृतीसाठी चालणं, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या शिध्याच्या टोपल्या, डिसेंबरात खेळणी, जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग दिनाचं श्रमदान, वसंतात निधीसाठीचा मोठा समारंभ, मे महिन्यात शिष्यवृत्त्या. प्रत्येकाची वेगळी समिती, वेगळा टी-शर्ट, वेगळा शनिवार. कामाचे तास मोजले जातात, अहवाल प्रादेशिक कार्यालयाकडे जातो आणि जूनमध्ये सगळ्या दमलेल्या असतात. यातलं एकही काम निरुपयोगी नाही. ज्या घरात ऑगस्टमध्ये दप्तर नव्हतं त्या घराला ते मिळालंच पाहिजे. पण नेमकं काय बिघडतं ते जवळून पाहायला हवं.

दप्तरांचंच घ्या. समिती जूनमध्ये घाऊक दरात वह्या-पेन्सिली घेते, शाळेची इयत्तावार यादी येते जुलैच्या शेवटी. तिसरीच्या वर्गाला रुंद ओळींच्या वह्या हव्या असतात, आलेल्या असतात अरुंद ओळींच्या. मधल्या शाळेच्या मुलांना कॅल्क्युलेटर लागतो, तो महाग म्हणून कोणत्याच दप्तरात नसतो. आणि जानेवारीत, पहिल्या सत्राच्या वह्या संपतात तेव्हा, वाटणारं कुणी उरलेलं नसतं. उपाय अवघड नाहीत. मे महिन्यातच एका शाळेच्या समुपदेशिकेला गाठून यादी तिच्याकडून घ्यायची. खरेदीतला एक तृतीयांश भाग मागे ठेवायचा आणि तो जानेवारीत तिच्याच कपाटात नेऊन द्यायचा, म्हणजे कोणत्या मुलाला गरज आहे ते ती चारचौघांत न विचारता ठरवेल. पण त्यासाठी चॅप्टरमधल्या कुणालातरी ती समुपदेशिका नावाने माहीत हवी आणि पुढच्या वर्षी तिला तोच फोन पुन्हा यायला हवा.

चर्चच्या सभागृहातल्या रक्तदाब तपासणीची गत याहून गंभीर आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय प्रौढांमध्ये उच्च रक्तदाबाचं प्रमाण फार मोठं आहे, म्हणून जवळजवळ प्रत्येक चॅप्टर हे शिबिर घेतं. माणूस जिना चढून येतो, रांगेत गप्पा मारत उभा राहतो, खुर्चीवर बसल्या बसल्या शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा बांधला जातो. असं मोजलेल्या आकड्यावर विसंबता येत नाही. पाच मिनिटं गप्प बसणं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, उघडा दंड हृदयाच्या पातळीवर आधार देऊन ठेवलेला, आणि एका मिनिटाच्या अंतराने दोन मोजण्या, एवढं किमान हवं. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो. लहान पट्टा आकडा वाढवून दाखवतो. म्हणून टेबलावर निदान दोन मापांचे पट्टे असलेच पाहिजेत आणि रांगेच्या आधी खुर्च्यांची एक वेगळी शांत ओळ.

हे सगळं नीट केलं तरी मुख्य प्रश्न उरतो. एखाद्याचा आकडा १५२/९४ आला. त्याच्या हातात माहितीपत्रक पडलं आणि तो घरी गेला. पुढे काय? त्याच्याकडे विमा नसेल, तर उत्पन्नानुसार फी घेणारं सामुदायिक आरोग्य केंद्र कुठे आहे, तिथे नवा रुग्ण किती आठवड्यांनी घेतात, हे कुणाला माहीत आहे? निदान एका मोजणीवर होत नाही, ती व्यक्ती पुन्हा दिसायला हवी. म्हणून वर्षातून एकदा दोनशे जणांना तपासण्यापेक्षा एकाच चर्चमध्ये महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तीस जणांना तपासणं, त्यांची लेखी परवानगी घेऊन नोंद ठेवणं आणि १३०/८० च्या वर असणाऱ्यांना आठवडाभरात फोन करणं कितीतरी मोलाचं आहे. १८०/१२० च्या वर आकडा आला, तर काही मिनिटांनी पुन्हा मोजायचं. तो तसाच राहिला आणि छातीत दुखणं, दम लागणं किंवा बोलताना अडखळणं असं काही असेल, तर थेट ९११. लक्षण नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलणं झालं पाहिजे. हे कागदावर लिहून टेबलाला चिकटवलेलं असावं.

अशा चिकाटीचं उदाहरण या संघटनांच्या इतिहासातच आहे, आणि ते बैठकांमध्ये पुरेसं सांगितलं जात नाही याची मला खंत वाटते. १९३४ च्या उन्हाळ्यात अल्फा कॅपा अल्फाच्या अध्यक्ष आयडा जॅक्सन यांनी मिसिसिपीतल्या लेक्सिंग्टन इथे ग्रामीण शिक्षकांसाठी उन्हाळी शाळा भरवली. तिथे लक्षात आलं, की मुलं आजारी आणि उपाशी असताना शिक्षकांना शिकवून भागणार नाही. पुढच्या वर्षी डॉ. डोरोथी बोल्डिंग फेरेबी यांच्या नेतृत्वाखाली डॉक्टर, परिचारिका आणि शिक्षिकांचा गट लसी आणि औषधं घेऊन वॉशिंग्टनहून मोटारींनी निघाला, कारण वंशभेदाच्या त्या काळात आगगाडीचा प्रवास त्यांना मोकळा नव्हता. पोचल्यावर दुसरी अडचण: शेतमळ्यांचे मालक आपल्या कुळांना दवाखान्यापर्यंत जाऊच देईनात. तेव्हा दवाखानाच मोटारींत घालून मळ्यांवर नेला गेला. हे काम १९४२ पर्यंत, युद्धामुळे पेट्रोल आणि टायर मिळेनासे होईपर्यंत, उन्हाळ्यामागून उन्हाळा चाललं. पहिल्या वर्षी शाळा भरवून, छायाचित्र काढून त्या परतल्या असत्या, तर मुलांचं खरं दुखणं काय हे त्यांना कधी कळलंच नसतं. त्या परत गेल्या म्हणून कामाचा आकार बदलला.

झीटा फाय बीटाचा ‘स्टॉर्क्स नेस्ट’ हा उपक्रमही याच जातीचा. मार्च ऑफ डाइम्स या माता-बालकांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थेबरोबर तो १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. गरोदर बाईने तपासणीला गेल्याचे, वर्गाला बसल्याचे गुण मिळवायचे आणि त्या गुणांवर बाळाचे कपडे, डायपर, पाळणा घ्यायचा. वस्तू इथेही दिली जाते, पण ती मिळवायला बाई पुन्हा पुन्हा येते. वाटप बंद करा असं माझं म्हणणं नाहीच. वाटपाला परत येण्याचं कारण जोडा, एवढंच.

मुलींसाठीच्या कामात तर याला पर्यायच नाही. डेल्टाची ११ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी डॉ. बेटी शबाझ यांच्या नावाची अकादमी आहे आणि १४ ते १८ वर्षांच्या मुलींसाठी ‘जेम्स’ हा कार्यक्रम. म्हणजे आराखड्यातच सात वर्षं आहेत. प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा दर सप्टेंबरला नवी नावनोंदणी होते, आठवीतली मुलगी नववीत गेली की दोन्ही समित्यांच्या मधल्या फटीतून निसटते आणि तिला कुणी फोन करत नाही, कारण ती आता ‘त्यांच्या’ समितीची असते. दोन्ही समित्यांची हजेरी एकाच वहीत ठेवणं आणि मे महिन्यात मुलीला नव्या समितीतल्या बाईंची समोरासमोर ओळख करून देणं, एवढ्यानेही बराच फरक पडतो. पार्श्वभूमी तपासणी, एका मुलीबरोबर एकटी प्रौढ व्यक्ती कधीच नाही हा नियम, परत नेणाऱ्याची सही, या गोष्टींत तर सवलत नसावीच.

बारावीत शिकणाऱ्या मुलीसाठी सगळ्यांत किचकट कागद म्हणजे सरकारी शिक्षणसाहाय्याचा अर्ज, फाफ्सा. तो साधारणपणे १ ऑक्टोबरला खुला होतो. चॅप्टर एक शनिवार ठरवतं, लॅपटॉप मांडतं, पिझ्झा मागवतं आणि दुपारपर्यंत निम्मे अर्ज अडतात. कारण विद्यार्थिनीचं आणि अर्जात माहिती देणाऱ्या पालकाचं अशी दोन स्वतंत्र खाती लागतात, नाव आणि जन्मतारीख सोशल सिक्युरिटीच्या नोंदीशी तंतोतंत जुळावी लागते आणि ओळखीची पडताळणी सगळ्यांचीच लगेच होते असं नाही. म्हणून शनिवार दोन हवेत: पहिला फक्त खाती उघडायला, आठवड्यानंतरचा दुसरा अर्ज भरायला. आईवडील वेगळे राहत असतील, तर मागच्या बारा महिन्यांत ज्याने जास्त आर्थिक भार उचलला त्याची माहिती द्यायची, हे घरच्यांना आधी सांगून ठेवायचं; त्या टेबलावर तो विषय निघाला तर मुलीला लाज वाटते. एप्रिलमध्ये कॉलेजांची पत्रं येतात. त्यात अनुदान आणि कर्ज एकाच यादीत मांडलेलं असतं, ते वेगळं करून दाखवणारी बाई शेजारी हवी. आणि प्रवेश निश्चित केल्यावरही जून ते ऑगस्टमध्ये कितीतरी मुली गळतात. वसतिगृहाची अनामत, लसीकरणाचा दाखला, कॉलेजचा आरोग्यविमा नाकारण्याचा अर्ज अशा पत्रांना उत्तर जात नाही आणि शाळेची समुपदेशिका तर सुट्टीवर असते. नेमका याच काळात चॅप्टरही सुट्टीवर असतो. उन्हाळ्यात मुलीमागे दर दोन आठवड्यांनी एक फोन, हे एवढं एक काम जरी कुठल्या चॅप्टरने धरलं, तरी मी त्याला वर्षातला सर्वोत्तम उपक्रम म्हणेन.

शिष्यवृत्तीबद्दलही थोडं स्पष्ट बोललं पाहिजे. मे महिन्यातल्या भोजनसमारंभात चार मुलींना प्रत्येकी १,००० डॉलर दिले जातात. बाहेरून मिळालेली रक्कम पाहून काही कॉलेजं स्वतःची मदत तेवढीच कापतात, म्हणजे चॅप्टरचे पैसे मुलीऐवजी कॉलेजच्या खिशात जातात. मेरिलँड राज्याने २०१७ मध्ये आपल्या सार्वजनिक कॉलेजांपुरतं यावर बंधन आणलं आणि नंतर आणखी काही राज्यांनीही कायदे केले, पण सगळीकडे तसं संरक्षण नाही. त्यामुळे धनादेश लिहिण्याआधी मुलीने कॉलेजच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाला विचारावं, की कपात झालीच तर ती कर्जातून किंवा कॉलेजात काम करून मिळणाऱ्या रकमेतून होईल का, अनुदानातून नको. आणि चार जणींना एकदाच देण्यापेक्षा तेच ४,००० डॉलर दोघींना सत्रामागे ५०० प्रमाणे चार सत्रं देता येतात. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, जेव्हा स्वागताच्या शिष्यवृत्त्या संपलेल्या असतात, तेव्हा आलेले ५०० डॉलर पुष्कळदा मुलीला वर्गात टिकवतात. व्यासपीठावर चारऐवजी दोघीच दिसतील. दिसू देत.

भगिनीभावाचा मुद्दा मला इथेच महत्त्वाचा वाटतो. चॅप्टरमध्ये सेवा आणि भगिनीभाव हे दोन वेगळे विषय धरले जातात, सेवेच्या समित्या निराळ्या आणि स्नेहाची सहल निराळी. पण पाच वर्षं चालणारं काम केवळ उत्साहावर उभं राहत नाही. ते उभं राहतं बायका एकमेकींच्या संसारातल्या अडचणी किती सांभाळून घेतात यावर. समितीप्रमुखाची नोकरी डॅलसला गेली, तिच्या वडिलांना पक्षाघात झाला, तिला तिसरं मूल झालं. अशा वेळी काम थांबतं, कारण समुपदेशिकेचा नंबर तिच्याच फोनमध्ये असतो, सभागृहाची किल्ली तिच्याच पर्समध्ये, विम्याचा दाखला तिच्याच ईमेलमध्ये. प्रत्येक कामाला एक प्रमुख आणि एक जोडीदार असावी, दोघींची मुदत एका वर्षाच्या फरकाने संपावी आणि फाइल चॅप्टरच्या खात्यात असावी. याला व्यवस्थापन म्हणा हवं तर. माझ्या मते हीच बहिणीची काळजी आहे, कारण त्यामुळे आजारी पडलेल्या बाईला अपराधी न वाटता थांबता येतं.

सदस्य गळतात त्याची कारणंही भावनेत शोधू नयेत. राष्ट्रीय, प्रादेशिक आणि स्थानिक वर्गणी एकदम भरावी लागते. ती नाही जमली की बाई लाजेने बैठकीला येणं सोडते आणि मग तिला येणारा एकमेव फोन असतो वर्गणीच्या आठवणीचा. हप्ते ठेवा. आर्थिक सचिवाच्या आधी एका मैत्रिणीचा फोन जाऊ द्या. बैठकीच्या वेळी शेजारच्या खोलीत मुलं सांभाळायला दोन मुली पगारावर ठेवा, म्हणजे तिशीतल्या आया येतील. हिवाळ्यात लवकर अंधार पडतो, तेव्हा संध्याकाळच्या बैठकीला सत्तरीतल्या बायका गाडी चालवून येत नाहीत. त्यांना आणायची पाळी लावा किंवा बैठक शनिवारी सकाळी दहाला घ्या. डेल्टामध्ये ६२ वर्षांपुढच्या सदस्यांना प्रेमाने ‘डेल्टा डिअर्स’ म्हणतात आणि समारंभात पुढच्या रांगेत बसवतात. तो मान त्यांचा आहेच. पण त्यात चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाई असतात. मुलींचे कॉलेजप्रवेशाचे निबंध त्यांनी घरबसल्या वाचावेत, उन्हाळ्यातले ते फोन त्यांनी करावेत. हे काम त्यांच्यापेक्षा चांगलं कोण करणार?

मतदार नोंदणीचं कामही आता सरावाच्या हातांचं झालं आहे. टेक्सासमध्ये काउंटीकडून नियुक्ती घेतल्याशिवाय दुसऱ्याचा भरलेला अर्ज स्वीकारता येत नाही आणि घेतलेला अर्ज पाच दिवसांत पोचवावा लागतो. फ्लोरिडात गटाला राज्याकडे नोंदणी करावी लागते, मुदत दहा दिवसांची आहे आणि २०२३ च्या कायद्यानंतर एका संस्थेवरचा वर्षाचा दंड अडीच लाख डॉलरपर्यंत जाऊ शकतो. निवडणुकीच्या वर्षी टेबल मांडून बसणाऱ्या हौशी गटाला हे झेपणार नाही. दरवर्षी तेच काम करणाऱ्या चौघींना झेपेल.

यावर एक आक्षेप योग्यच आहे. निवडून घेतलेलं सदस्यत्व, महागडी वर्गणी, संघटनेच्या रंगांचे कपडे, छायाचित्रं. हा सुशिक्षित वर्गाचा क्लब आहे, असं कृष्णवर्णीय समाजातले लोकही म्हणतात. प्रवेशाच्या नावाखाली झालेला छळ हा तर कलंकच. १९९० मध्ये या संघटनांनी जुनी प्रवेशपद्धत अधिकृतपणे बंद केली, तरी चोरून चालणारे प्रकार थांबलेले नाहीत आणि स्थानिक चॅप्टरने कॉलेजातल्या मुलींची सल्लागार म्हणून तिथे कठोर असलंच पाहिजे. पण क्लब असल्याच्या आरोपाला घोषणांनी उत्तर मिळत नाही. ज्या वस्तीत चॅप्टर सलग सहा वर्षं दिसतो, तिथली माणसं स्वतःच निवाडा करतात.

दुसरा आक्षेप असा, की नोकरी करणाऱ्या बाईला एक शनिवार जमतो, पाच वर्षांचा शब्द जमत नाही. याला आपल्याच इतिहासात उत्तर आहे. १८८६ मध्ये पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला अमेरिकन रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि गावोगावी ‘रमाबाई सर्कल’ निघाली. सदस्याने द्यायचा होता वर्षाला एक डॉलर, दहा वर्षं. रक्कम लहान, शब्द लांब. त्या शब्दाच्या भरवशावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढची मदत येणार हे ठाऊक असल्याशिवाय विधवा मुलींसाठी घर उघडता येत नाही. त्यांना वर्षभराने परत पाठवायचं कुठे? लांब शब्दाला प्रत्येकीचे खूप तास लागत नाहीत. महिन्याला दोन तास, पण तेच दोन तास, अशा पंचवीस जणी पुरतात.

डेल्टाचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, इतर संघटनांची दिनदर्शिका थोडी वेगळी असेल. अंदाजपत्रकाच्या बैठकीत टी-शर्ट, सजावट आणि बॅनर यांच्या ओळी आधी वाचाव्यात आणि त्यातून काय काढता येईल ते ठरवावं. मग मुलं सांभाळणाऱ्यांचा पगार, पार्श्वभूमी तपासणीची फी, दुसऱ्या मापाचा रक्तदाबाचा पट्टा आणि जानेवारीच्या वह्या या ओळी लिहाव्यात. ठरावात शाळेचं आणि चर्चचं नाव घालावं, शेवटच्या वर्षाचा आकडा घालावा आणि सूचक व अनुमोदक म्हणून अशा दोघींची नावं असावीत, ज्यांच्या वयात निदान वीस वर्षांचं अंतर आहे.